मीना, ती उत्तरं मुलांची नव्हती

मीना,

परवा मधल्या सुट्टीत वर्गात खुर्चीवर बसल्या बसल्या मला डुलकी लागली. खिडक्यांना गोणपाट लावलेले, वर्गात काळोख, आणि तू माझ्या टेबलाशी उभी राहून टॉर्चचे सेल बदलत होतीस. मुलं बाकांवर होती, पण कुणाचा आवाज नव्हता. मी म्हटलं, "कधी आलीस गं?" तू वर न बघताच म्हणालीस, "बाई, थांब ना जरा, हे झाकण लागत नाहीये." एवढंच. मग कुणीतरी दुधाच्या रिकाम्या बाटल्यांचा क्रेट जिन्यावरून खडखडत नेला आणि माझे डोळे उघडले. खिडक्या सताड उघड्या होत्या. भांडुपचं पांढरं ऊन फरशीवर पडलं होतं आणि बाकांखाली मुलांच्या चपला तेवढ्या होत्या.

तू गेल्याला आता महिना होत आला. युनिव्हर्सिटीत तुझ्यासाठी सभा झाली म्हणे. तिथं तुझ्या पदव्या, तुझे पेपर सगळं सांगितलं असेल. ते मला सांगता येणार नाही. मला तुला एक वेगळीच गोष्ट सांगायचीय, जी पाच वर्षं मी सांगितली नाही. पहिल्यापासून सांगत येते, म्हणजे त्या गोष्टीपाशी पोचेपर्यंत थोडा धीर येईल.

हेडमास्तरांनी तुला माझ्या चौथीच्या वर्गात आणून सोडलं तेव्हा तुझ्या हातात पुठ्ठ्याचा खोका होता. त्यात एक टॉर्च, एक रबरी चेंडू आणि एक लाकडी बाहुली. "या युनिव्हर्सिटीतून आल्यात," हेडमास्तर म्हणाले, "आपल्या म्युनिसिपालिटीच्या शाळांबरोबर त्यांचा संयुक्त संशोधन प्रकल्प आहे. परबबाई, सहकार्य करा." ते गेले आणि मी तुला विचारलं, "संयुक्त म्हणजे जोडाक्षरासारखं ना?" तू गोंधळलीस. मी म्हटलं, "जोडाक्षरात एक अक्षर पूर्ण असतं आणि एक अर्धं. आपल्यात अर्धं कोण, तेवढं आधी सांगून टाका." तू खो खो हसलीस. मी तुला हसवायला बोलले नव्हते.

गिरण्यांचा संप होऊन गेला होता तेव्हा. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे बाप गिरणीतले. कुणी हातगाडी धरली होती, कुणी वॉचमन झालं होतं, कुणी अख्खं बिऱ्हाड उचलून गावाला गेलं होतं. दर आठवड्याला हजेरीपटावरचं एखादं नाव मी लाल शाईनं खोडायचे. माझे वडीलही गिरणीतलेच, मालवणकडचे. त्या मुलांच्या घरची भाषा माझ्याच घरची होती. हे तुला तेव्हा माहीत नव्हतं आणि मी सांगितलंही नाही.

तू सायक्लोस्टाइल केलेल्या फॉर्मचा गठ्ठा माझ्या कपाटात ठेवून गेलीस. "शनिवारी येते, तोवर मुलांना काही सांगू नका हं." तू जिना उतरतेस न उतरतेस तोच मी गठ्ठा सोडला. वरच छापलं होतं, 'वंचित वस्तीतील मुलांच्या आकलनातील उणिवा'. मी ती ओळ दोनदा वाचली. अजून एका मुलाला एक प्रश्न विचारला नव्हता, आणि उणिवा आधीच छापून तयार! खाली सावलीबद्दलचे प्रश्न होते. सावली कशी पडते, दिवा विझला की ती कुठे जाते, दुपारी लहान का होते.

आता ऐक, मीना. त्या आठवड्यात मी तीन दिवस इतिहासाचा तास घेतला नाही. फळ्यावर एक वाक्य लिहिलं, 'प्रकाशाच्या मार्गात अपारदर्शक वस्तू आली की तिच्या मागे सावली पडते', आणि एकेकाला उभं करून म्हणून घेतलं. 'अपारदर्शक'पाशी सगळ्यांच्या जिभा अडखळायच्या. शुक्रवारपर्यंत अख्खा वर्ग आरतीसारखा एका सुरात म्हणायला लागला. मग फळा पुसला आणि मुलांना बजावलं, "बाईंनी शिकवलं असं कुणी म्हणायचं नाही." ज्या तोंडांकडून मी रोज 'नेहमी खरे बोलावे' म्हणवून घ्यायचे, त्याच तोंडांना मी खोटं शिकवलं. ती उत्तरं मुलांची नव्हती. माझी होती.

सांगितलं एकदाचं.

शनिवारी तू व्हरांड्यात टेबल मांडून बसलीस. मी आत फळ्याकडे तोंड करून उभी होते, पण कान बाहेर. पहिल्या मुलानं वाक्य म्हटलं. तू म्हणालीस, "छान." दुसऱ्यानं म्हटलं. "छान." दहावा, पंधरावा, विसावा, सगळे तेच वाक्य, त्याच ठिकाणी श्वास. आणि तू प्रत्येक वेळी ते पूर्ण लिहून घेत होतीस. तुझ्या पेनचा आवाज मला आत ऐकू येत होता. सगळं झाल्यावर चहा पिताना तू म्हणालीस, "मुलं हुशार आहेत तुमची." मी म्हटलं, "आहेतच." घरी जाताना मला उंच झाल्यासारखं वाटत होतं. पण दार उघडून आत गेले, स्टोव्ह पेटवला आणि दुधाचं पातेलं ठेवताना मनात आलं, हे खोटं मी मुलांच्या तोंडी घातलंय.

सोमवारी तू पुन्हा आलीस, रिकाम्या हातानं. "आमचं चुकलं," तू म्हणालीस, "प्रश्नांची भाषा पुस्तकी होती. ते सगळे फॉर्म रद्द करायला लावलेत मी आमच्या युनिव्हर्सिटीतल्या सरांना. नव्यानं सुरुवात करायची. पण या वेळी प्रश्न तुम्ही तयार करायचे, बाई."  तुझं एक वर्ष त्यात जाणार होतं, हे मला नंतर कळलं. सर तुझ्यावर चिडले होते, तेही नंतरच. त्या क्षणी मी तुझ्या तोंडाकडे बघत राहिले. तुला कळलंय का? चेहऱ्यावरून काही लागत नव्हतं. बोलावं म्हणून मी तोंड उघडलं, आणि म्हटलं काय, तर "चहा घेणार?"

त्यानंतरचे शनिवार मला आता एकाच लांब दुपारसारखे आठवतात. शनिवारची शाळा सकाळची. शाळा सुटली की ज्यांना थांबायचं ती मुलं थांबायची. गोणपाट लावून आपण काळोख करायचो. नियम तुझाच होता. 'बरोबर' म्हणायचं नाही, 'चूक' म्हणायचं नाही, आणि परबबाईंनी शेवटच्या बाकावर बसून मूल बोलेल तस्सं लिहून घ्यायचं. सतरा वर्षं पुढं उभी राहिलेली बाई मी. पहिल्या दिवशी माझी जीभ मी दातांखाली धरून ठेवली होती.

पहिल्या दिवशी मुलांनी तेच पाठ केलेलं वाक्य म्हटलं. तू शांतपणे ऐकलंस. मग टॉर्च बंद केलास आणि काळोखात विचारलंस, "आता? आता कुठे गेली बाहुलीची सावली?"  मग कुणीतरी हळूच म्हणालं, "भिंतीत." कुणी म्हणालं, "बॅटरीत परत गेली." कुणी, "ती हयसरच आसा, आपल्याक दिसणा नाय." काळोखात माझ्या वहीवरच्या ओळी एकमेकींवर चढत होत्या. मुलांचे आवाज चारी बाजूंनी यायचे, आणि कुणाचा कुठला ते कळायचं नाही. वाटायचं, खोलीच बोलतेय.

त्याच दिवशी तू मला पहिल्यांदा 'तू' म्हणालीस. गोणपाट काढताना. "बाई, ते टोक धर ना गं." मी धरलं. 'बाई' म्हणायचं आणि 'तू'ही म्हणायचं, हे तूच करू जाणे.

आणि कुंदा. दोन वेण्यांतली, भांडुपच्या डोंगराच्या अगदी पायथ्याशी राहणारी. तिला तू विचारलंस, रात्र कशी होते. ती म्हणाली, "आमच्याकडे पयली डोंगराची सावळी येता. मगे ती मोठी मोठी होत जाता, आणि रात होता." मी मनात कपाळावर हात मारला. पण तू टॉर्च खाली ठेवलास आणि व्हरांड्यात निघून गेलीस. मी मागून आले तर तू कठड्याला टेकून डोंगराकडे बघत होतीस. "बाई, आपण रात्रीला काय म्हणतो? पृथ्वीची आपल्यावर पडलेली सावलीच ना? हिनं पृथ्वीऐवजी डोंगर म्हटलंय, इतकंच. माझ्या जुन्या फॉर्मवर मी हिला शून्य दिलं असतं."

पुढच्या शनिवारी आपण वर्ग घेऊन डोंगराखाली गेलो. हिवाळ्यातलं चार-साडेचारचं ऊन. सूर्य डोंगरामागे उतरायला लागला आणि वरच्या घरांवरून सावली खाली सरकायला लागली. मुलांनी तिच्या कडेवर रांगोळीनं रेघ ओढली. दोन मिनिटांत सावली रेघेच्या पुढे! पुन्हा रेघ. नळावरच्या बायका हंडे ठेवून बघत राहिल्या. एकीनं मला विचारलं, "काय गं बाई, रस्तो मोजतास?" मी म्हटलं, "सावली मोजतो." ती म्हणाली, "मोजा, मोजा. तेवढीच फुकट आसा."

मग मुलांना खेळच सुचला. सावलीच्या पुढे पळायचं, उन्हात राहायचं. सगळी पूर्वेकडे धावत सुटली, गल्लीतून, दुकानांवरून, पत्र्याच्या कुंपणाच्या कडेनं, आणि आपण दोघी त्यांच्या मागे. तुझी चप्पल तुटली. तू ती हातात घेतलीस. मला धाप लागली होती आणि मी जन्मात कधी इतकी हलकी झाले नव्हते. मागून ती थंड करडी कड येत होती, सावकाश, कुणाचीही घाई नसल्यासारखी, आणि पुढे मुलांचे केस उन्हात पेटलेले दिसत होते. मोठ्या रस्त्यापाशी सगळी मुलं थांबली आणि वळून उभी राहिली. सावली आली, त्यांच्या पायांवरून वर चढली, गुडघे, पोट, आणि शेवटी चेहरे.   मीना, मी देवळात इतकी शांत कधी उभी राहिले नाही.

त्या दिवशी मी तुला सांगायला हवं होतं. दोघी दमून पायरीवर बसलो होतो, तू चपलेचा अंगठा सेफ्टी पिनेनं जोडत होतीस. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण इतका सुंदर दिवस मला माझ्या हातानं मळवायचा नव्हता.

मग तो पेपर. तू इंग्रजीत लिहिलास, आणि वर दोन नावं घातलीस, तुझं आणि माझं. मी म्हटलं, काढ. तू म्हणालीस, "अर्धा पेपर तुझ्या वहीतून आलाय." मी म्हटलं, "तुझं नाव आलं की तुला शाबासकी. माझं आलं की मला मेमो. परवानगी घेतली होती का, वेळ कुठून काढला, म्युनिसिपालिटीचे साहेब शंभर प्रश्न विचारतील." तीन शनिवार आपण त्यावर भांडलो. तिसऱ्या शनिवारी तू म्हणालीस, "जोडाक्षराचं तूच विचारलं होतंस ना? आता अर्ध्या पायावर तूच उभी राहतेस." मी चिडून म्हटलं, "माझ्या पोटावर तुझ्या तत्त्वाचा पाय नको." तू पेन उचललंस. नाव काढलंस.

पेपर छापून आला तेव्हा तू मला प्रत दिलीस. घरी डिक्शनरी घेऊन मी एकेक ओळ वाचली. मुलांची वाक्यं होती. कुंदाचा डोंगर होता. शेवटी आभारांत होतं, 'एका अनुभवी शिक्षिकेच्या सहकार्याने'. मीना, मेमोची भीती खरी होती, तुला मी खोटं सांगितलं नव्हतं. पण ते 'एका' वाचून मला इतका राग आला! नको मीच म्हटलं होतं, आणि तू ऐकलंस म्हणून तुझ्यावरच रागावले. दोन शनिवार मी तुझ्याशी धड बोलले नाही. तू कारण विचारलंस, तर म्हटलं डोकं दुखतंय. खरं कारण वेगळंच होतं गं. मला वाटत होतं, मला हीच शिक्षा योग्य. जिनं आधी खोटी उत्तरं वदवून घेतली, तिचं नाव खऱ्या उत्तरांवर कशाला?

मग तुझं आजारपण. शेवटची आलीस तेव्हा जिन्यात दोनदा थांबलीस आणि मुलांच्या बाकावर बसून राहिलीस. "आज तू पुढे उभी राहा, बाई, मी लिहिते." मी पुढे उभी राहून मुलांना विचारत होते आणि तू शेवटच्या बाकावर लिहीत होतीस. मला वाटलं, पुढच्या शनिवारी पुन्हा बदलू.

तुला भेटायला मुलुंडला यायला मी दोनदा निघाले. एकदा परीक्षेचे पेपर होते. दुसऱ्यांदा काहीच नव्हतं. मी तुझ्या गल्लीच्या तोंडाशी येऊन परत फिरले. आजारी माणसासमोर बसून आपल्या मनावरचं ओझं उतरवायचं, हे मला बरं वाटेना, आणि ते न सांगता तुझ्यासमोर बसणं जमणार नाही हेही माहीत होतं. म्हणून आलेच नाही. याला कारण म्हणत नाहीत, मला कळतं.

गेल्या आठवड्यात शेवटी गेले. तुझ्या आईनं दार उघडलं. मला कधी पाहिलं नव्हतं, तरी म्हणाल्या, "परबबाई ना? या." तुझी खोली दाखवली नाही, मीही मागितली नाही. बाहेरच बसलो. त्यांनी चहा आणला. मी कप हातात घेतला आणि तशीच, काही प्रस्तावना न करता, सगळं सांगून टाकलं. गठ्ठा, ती छापलेली ओळ, तीन दिवस, फळा पुसला ते. तुझं वर्ष माझ्यामुळे गेलं, ते. बोलताना मी कपाकडेच बघत होते.

तुझ्या आई म्हणाल्या, "अहो, तिला माहीत होतं."

मी वर बघितलं.

"त्या शनिवारी घरी आली ती हसतच. जेवताना हसत होती, ठसका लागला. म्हणाली, 'आई, त्या बाईंनी एकूण एक पोराकडून पाठ करून घेतलंय गं! एकालाही चुकू दिलं नाही.' मी म्हटलं, अगं मग तुझ्या कामाची वाट लागली की. म्हणाली, 'लागली ना.' मग हातातला घास ताटात ठेवला. म्हणाली, 'आमच्या फॉर्मवर जे लिहिलंय ना, ते वाचून मीही हेच केलं असतं. मी सोमवारी परत जाणार आहे. काम करायचं तर याच बाईबरोबर.'"

"मला का नाही म्हणाली?" मी विचारलं. 

"मीही विचारलं होतं तिला. म्हणाली, 'त्या सांगतील तेव्हा सांगतील. मी म्हटलं तर त्या माझ्याशी बोलायच्या बंद होतील.'"

पाच वर्षं, मीना! पाच वर्षं तू माझी वाट बघत होतीस आणि मी तुझ्यापासून लपत होते, एकाच वर्गात बसून. मला तुझा राग आला, तुझ्या आईसमोरच आला. आणि त्याच्या पाठोपाठ जे आलं त्याला मी पदरात तोंड घालून वाट करून दिली. तुझ्या आईनं माझ्या हातातला कप तेवढा काढून घेतला.

निघताना दारात त्यांनी विचारलं, "मुलं काय म्हणतात हल्ली?" मला वाटलं, रीत म्हणून विचारलं. पण त्या दार धरून उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, "शनिवारी जेवताना ती सगळं सांगायची हो. कुठल्या मुलानं काय म्हटलं, तुम्ही काय म्हणालात, कोण कुणावर चिडलं. मला तुमच्या वर्गातली नावंसुद्धा पाठ आहेत. आता शनिवारी मी जेवायला बसते आणि घर नुसतं गप्प असतं."

काल शनिवार होता. शाळा सुटल्यावर मी गोणपाट लावले आणि थांबलेल्या मुलांना विचारलं, आरशात दिसतं ते माणूस आत असतं की बाहेर. अर्धा तास कडाक्याचं भांडण झालं. सगळं लिहून घेतलं, एक अक्षर न बदलता. मग वही पिशवीत घालून मुलुंडला गेले. तुझ्या आईनं दोन पानं मांडली होती. मी हात धुतले, पाटावर बसले, आणि पहिला घास घ्यायच्या आधीच सांगायला लागले.